अव्वाच्या हातचा रस

मोसंबी आडवी कापून काचेच्या पिळणीवर दाबली की रस लवकर निघतो, पण त्यात सालीचं तेल उतरतं आणि जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहतो. आमची अव्वा तसं कधी करायची नाही. ती मोसंबी हाताने सोलायची, फोडी सुट्या करायची, फोडीवरचं पांढरं कातडं नखाने ओढून काढायची, बिया वेचायची आणि मग तो गर धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात बांधून पिळायची. दोन मोसंब्यांना वीस मिनिटं लागायची. रस पेल्यात पडला की चिमूटभर सैंधव टाकून तो लगेच प्यायला लावायची. ठेवलेला रस म्हणजे मेलेला रस, असं तिचं म्हणणं.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर निपाणीच्या बाजूचं, त्यामुळे घरात आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा. मी त्यांची एकुलती एक मुलगी. अप्पांचं शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर.

रसावर अव्वाचा विश्वास बसला तो माझ्यामुळे. मी सहावीत असताना मला टायफॉइड झाला. अकरा-बारा दिवस ताप उतरला नाही, पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. अप्पा दुपारी दुकान बंद करून सायकलने लक्ष्मीपुरीच्या बाजारात जायचे आणि हातात घेऊन जड लागेल तीच मोसंबी आणायचे. अव्वा दर तासाला दोन चमचे रस माझ्या तोंडात घालायची. मी ओकले की तोंड पुसून पुन्हा दोन चमचे. मी वाचले. औषधाने वाचले असणार, पण अव्वाला ते कुणी पटवून देऊ शकलं नसतं. त्यानंतर गल्लीत कुणी आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण झालं, की अव्वाला बोलावणं यायचं. ती आपलं फडकं आणि स्टीलची गाळणी पदराखाली धरून जायची आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रस काढून द्यायची. पुढे मिक्सर आला, त्याच्याबरोबर ज्यूसरचं भांडं आलं. त्यात ती कलिंगड आणि गाजर घालायची. मोसंबी मात्र हातानेच.

अप्पा आजारी पडले तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अप्पांचं वय एक्कावन्न. आधी त्यांना चपला घट्ट व्हायला लागल्या. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली. जेवणाचा वास नको वाटायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि अशक्तपणा आहे म्हणाले. अशक्तपणा म्हटल्यावर अव्वाने कंबर कसली. सकाळी मोसंबीचा रस, दुपारी शहाळं, संध्याकाळी डाळिंबाचे दाणे फडक्यात चुरडून काढलेला रस. अप्पा म्हणायचे, "अगं, किती पाजतीस." पण प्यायचे. असे दोन महिने गेले आणि एके दिवशी दुकानाच्या पायऱ्या चढताना त्यांचा श्वास कोंडला.

मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिथले डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलायचे. त्यांनी अव्वाला विचारलं, "खायला-प्यायला काय देता?"

अव्वाने सगळं सांगितलं. थोड्या अभिमानानेच सांगितलं. डॉक्टर लिहीत होते ते थांबले.

"मावशी, हे सगळं आजपासून बंद," ते म्हणाले. "रस नाही, शहाळं नाही, फळ नाही. यात पोटॅशियम असतं. आपल्या किडन्या ते बाहेर टाकतात, यांच्या टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठलं की हृदय बंद पडतं."

"म्हंजे दोन म्हैने मी..." अव्वा एवढंच बोलली.

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी इंग्रजीत छापलेला एक कागद माझ्या हातात दिला.

रिक्षात अव्वाने मला विचारलं, "पोटॅशियम म्हंजे काय गं?" मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. मी तिला समजावून सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. ती रस्त्याकडे बघत ऐकत होती. तिला समजलं की नाही ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा माझा झाला. तो इंग्रजी कागद मी मराठीत उतरवून भिंतीला लावला. भाजी चिरून, उकळून, पाणी फेकून मग फोडणीला टाकायची. दिवसभरात पाणी, चहा, आमटी सगळं मिळून एक लिटर. मी एका बाटलीवर पेनाने रेघा मारल्या. अप्पा जेवढं प्यायले तेवढं बाटलीतलं कमी करायचं, म्हणजे किती उरलं ते कळतं. ज्यूसरचं भांडं मी माळ्यावर टाकलं. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. मी सकाळी त्यांच्याबरोबर जायचे, चार तास बसायचे आणि दुपारी कॉलेजात. मला वाटायचं, मी नसते तर हे घर कोलमडलं असतं. तेव्हा मला त्याचा गर्व होता, हे आता लिहिताना लपवत नाही.

आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. दर दोन दिवसांनी कुणीतरी मोसंबीची पिशवी घेऊन यायचं. खेड्यांतली गिऱ्हाइकं शहाळी आणायची. अप्पांना दिसायच्या आत मी त्या पिशव्या शेजारी देऊन यायचे. पण वास राहायचा. अप्पा खाटेवर उठून बसायचे आणि विचारायचे, "कोण आलंतं?" काय आणलंतं, हे विचारायचे नाहीत.

तहान ही काय चीज असते ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. ओठ पांढरे पडायचे. जीभ टाळूला चिकटून बोलताना चट् चट् आवाज यायचा. मी त्यांना बर्फाचा एक खडा द्यायचे, तो ते गालात धरून डोळे मिटून बसायचे. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढायला लागलं, तेव्हा एकदा अव्वा गिरणीत गेली असताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, एक घोट रस दे की. मोसंबीचा."

"अप्पा, न्हाय चालत. तुमास्नी ठाऊक हाय."

"गिळणार न्हाय मी. तोंडात धरतो आन् थुकतो."

"उद्या एक घोट म्हणाल, परवा एक पेला म्हणाल."

 ते म्हणाले, "बरं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. माझ्याकडे त्यांनी परत कधी काही मागितलं नाही.

आमच्या न्हाणीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, घरातला वाळका कचरा त्यात जायचा. बंब पेटवायचं काम अव्वाचं. मार्चमधल्या एका सकाळी तिला जरा कणकण होती म्हणून मी पेटवायला गेले. राख काढायला खालची जाळी हलवली तर राखेत मोसंबीच्या साली होत्या. अर्ध्या जळलेल्या, कडा काळ्या झालेल्या, आतून अजून पिवळ्या. एखाददुसरी नव्हे, चांगली ओंजळभर.

मी न्हाणीत उकिडवी बसून राहिले. मला सगळं समजलं. मी कॉलेजला गेले की दुपारी हे चाललंय. गेले काही दिवस अप्पा संध्याकाळी बरे दिसत होते. माझ्याशी अभ्यासाबद्दल बोलायचे, दुकानातल्या नोकराला बोलावून कुठलं बेअरिंग संपलंय ते विचारायचे. घरात धुसफूस थांबली होती. मला त्याचं बरं वाटत होतं, आणि ते कशाने आलंय ते आता माझ्यासमोर राखेत पडलं होतं.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. बाहेर जाऊन अव्वाला विचारायचं, डॉक्टरांना फोन करायचा. माझी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. भांडण झालं असतं, अव्वा रडली असती, अप्पा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले असते. मी साली राखेसकट घमेल्यात काढल्या, मागच्या उकिरड्यावर टाकल्या आणि बंब पेटवला. मी सरळ होऊन वळले तेव्हा अव्वा न्हाणीच्या दारात उभी होती. "पेटला का?" तिने विचारलं. मी "व्हय" म्हणाले. ती केव्हापासून उभी होती ते मला कळलं नाही, आणि मी स्वतःची समजूत घातली की आत्ताच आली असेल.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, डायलिसिसला जायच्या आधी अप्पांचे पाय उचलेनात. "पायात जीवच न्हाय," असं ते म्हणाले. मी आणि शेजाऱ्यांनी त्यांना उचलून रिक्षात बसवलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. स्टेशनच्या चौकात रिक्षा सिग्नलला थांबली आणि सुटायच्या आत त्यांचं डोकं जड झालं. दवाखान्यात त्यांच्या छातीवर दाबलं, सुया दिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी तरुण डॉक्टर बाहेर आले.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पोटॅशियम वाढलं होतं का?"

"वाढलं असणार," ते म्हणाले. "पण त्यांचं हृदय आधीच खूप कमजोर होतं. आज नाही तर महिन्याभरात हे होणार होतं. नक्की कशाने, ते सांगता यायचं नाही. तुम्ही खूप केलंत."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे मी जे बोलले, ते डॉक्टरांचं हे वाक्य ऐकल्यानंतर बोलले.

आमच्यात माणसाला पुरतात. अप्पांना बसवून, कपाळाला विभूती लावून नेलं. तिसऱ्या दिवशी समाधीवर निवद न्यायचा होता. घर बायकांनी भरलं होतं. माझी आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, पलीकडच्याच गल्लीत राहायची. सगळं तीच बघत होती. पोळी झाली, भात झाला, भाजी झाली. आत्या म्हणाली, "त्याला रस लई आवडायचा. शेवटाला बिचाऱ्याला घोटभर मिळाला न्हाय. एक पेला रस बी ठेवूया."

अव्वा उठली. कुणीतरी आणून ठेवलेल्या पिशवीतून तिने दोन मोसंबी काढल्या, खाली बसली आणि सोलायला लागली. नेहमीसारखी, एकेक फोड सुटी करत. मी दारात उभी होते. तिचे हात इतक्या सवयीने चालले होते की मला ते बघवेना.

"आता आनि समाधीला पाजतीस व्हय?" मी म्हणाले. "पाजून पाजूनच मारलंस त्यास्नी."

स्वयंपाकघरात दहा-बारा बायका होत्या. सगळ्यांचे हात थांबले. आत्याने विचारलं, "काय बोलायलीस गं?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय बजावलं होतं, पोटॅशियमने काय होतं, मी कॉलेजात गेल्यावर दुपारी काय चालायचं. बंबात साली सापडल्या तेही सांगितलं. फक्त कधी सापडल्या ते सांगितलं नाही. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, काल-परवा सापडल्या.

अव्वाने वर बघितलं. माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता ही बोलणार. ती बोलली नाही. हातातली फोड ताटात ठेवली, हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. रस काही समाधीवर गेला नाही.

आमच्या गल्लीत गोष्ट पसरायला एक दिवस लागतो. आत्याने अव्वाशी बोलणं टाकलं. समोर आली तर मान फिरवायची. बाकीच्या बायका बोलायच्या, सणाला हळदीकुंकवाचं सोडून बाकी बोलावणंही यायचं, पण आजारपणात अव्वाला कुणी बोलावलं नाही. शेजारच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा अव्वा सवयीने फडकं घेऊन गेली. शेजारणीने तिला बाहेरच्या खोलीत बसवून चहा दिला आणि म्हणाली, "कशाला तरास घेताय, आमी देतो की काढून." अव्वा चहा पिऊन घरी आली. मी तेव्हा घरात होते. तिने फडकं घडी घालून ट्रंकेत ठेवलं, तेही मी बघितलं. शेजारी जाऊन दोन वाक्यं बोलायची होती मला. मी वही उघडून बसले.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा वारणानगरला शाळेत शिक्षक. आम्ही तिथल्या कॉलनीत राहायला गेलो. अव्वाने दुकान भाड्याने दिलं आणि ती एकटी राहू लागली. मी महिन्यातून एकदा जायचे. आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो, माझ्या सासूबद्दल बोलायचो. त्या सोमवारचं नाव दोघींनीही काढलं नाही. ती स्वतः फळ खायची, पण रस म्हणून तिच्या घरात कधी काही दिसलं नाही.

माझी मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा अव्वा महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आता बाळाला दोन चमचे मोसंबीचा रस सुरू करा. विहीणबाई, तुमच्या हातानं काढा, तुम्ही चांगला काढता असं ऐकलंय." त्यांना काही माहीत नव्हतं. अव्वा म्हणाली, "माझ्या हातानं नको." सासूबाई हसल्या, पुन्हा आग्रह केला. अव्वा उठून परसात गेली आणि धुणं वाळत घालायला लागली. धुणं आधीच वाळत घातलेलं होतं. ती तेच काढून पुन्हा झटकून घालत होती.

मी तिच्या मागे गेले.  मी म्हणाले, "अव्वा, मी त्या साली परीक्षेच्या आधी बघितल्या होत्या. अप्पा जायच्या तीन आठवडे आधी. बघून गप बसले मी."

तिने हातातलं दुपटं दोरीवर टाकलं, चिमटा लावला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "दारातच हुते की मी."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? सगळ्यांसमोर?"

"काय बोलायचं हुतं? माझी पोर बी त्यात हुती म्हनून सांगायचं?"

 ती चिमटे लावत राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "तुला वाटलं असंल, आडानी बाई, हिला कळलं न्हाय. मला समदं कळलंतं. डाक्टर बोलला तवाच कळलंतं. सुरवातीला दोन चमचे देत हुते. मग अर्धा पेला. शेवटच्या आयतवारी तू मैत्रिनीकडं गेलतीस. त्यांनी एक पेला मागितला, पिऊन झाल्यावर आनि एक मागितला. मी म्हनलं, आवो, हे इख हाय तुमाला. तर म्हनले, आता बास झालं गं, तहानलेला नको घालवूस मला. मी दोन्ही दिले."

"म्हणजे अप्पांना..."

"त्यास्नी बी ठाऊक हुतं." तिने पुढचा चिमटा उचलला. "तू बोललीस ते खोटं न्हवतं. त्यात काय बोलायचं हुतं मी."

मी तिथे मातीत बसले. ती माझ्याजवळ आली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. आत बाळ रडायला लागलं तेव्हा म्हणाली, "जा, भुकेजलीया ती." मी गेले. त्या दिवशी रस सासूबाईंनी काढला, काचेच्या पिळणीवर. बाळाने तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकला.

त्यानंतर अव्वा चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत मी शाहूपुरीला कितीतरी वेळा गेले. आत्याचं घर पलीकडच्या गल्लीत होतं, चालत तीन मिनिटं. दर वेळी मी ठरवायचे की या खेपेला जाऊन सांगायचं, मीही बघितलं होतं आणि गप्प बसले होते. दर वेळी बसची वेळ व्हायची. एका पावसाळ्यात अव्वाला झोपेतच अटॅक आला. शेजारणीने सकाळी दूध ठेवायला दार वाजवलं तेव्हा कळलं. मातीला आत्या आली होती. लांब उभी राहिली आणि लवकर गेली.

तेरा दिवस झाल्यावर मी आत्याकडे गेले. ती थकली होती, पायाला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. साली, तीन आठवडे, परीक्षा, डॉक्टरांचं वाक्य, मी स्वयंपाकघरात काय गाळलं ते. शेवटच्या रविवारचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता, असं मला वाटलं.

 माझं बोलून झाल्यावर आत्याने पायाच्या पट्टीची गाठ चाचपली.

"सात वरसं मी तिच्या दारात पाय ठिवला न्हाय," ती म्हणाली. "आता मला येऊन सांगतीस. ती हुती तवा सांगायचं हुतंस की."

मी उठले. तिने मला थांब म्हटलं नाही, चहा विचारला नाही. मी स्टँडवर आले आणि वारणानगरच्या गाडीत बसले.